माझ्याच मुलीची थोरली बहीण

सातवीचा निकाल लागला त्या आठवड्यात मी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला गावच्या शाळेत गेले. हेडमास्तर ओळखीचे, म्हणजे मला पाढे त्यांनीच शिकवलेले. त्यांनी चहा मागवला, माझ्या बदलीची चौकशी केली, मोठं रजिस्टर उघडलं आणि चष्मा काढून पुसत बसले. एकदा पुसला, परत पुसला. मग म्हणाले, "दाखला आईवडिलांच्या हातात द्यावा लागतो, ताई. तुम्ही तर बहीण लागता."

मी म्हटलं, सर, तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात तुम्ही. ते म्हणाले, खाल्ल्या, नाही कुठे म्हणतो, पण रजिस्टरला घुगऱ्यांचं काय? आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. वडिलांच्या रकान्यात माझ्या वडिलांचं नाव. आईच्या रकान्यात माझ्या आईचं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तेरा वर्षांत ते असं कुणी माझ्या डोळ्यांसमोर धरलं नव्हतं, आणि मला रागच आला. मी बसमधली कंडक्टर बाई. साठ माणसांना पुढे सरका म्हणून दरडावते आणि ती सरकतात. इथे एका रकान्यात मला आत सरकता येईना.

आता हे असं कसं झालं ते सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही, सगळ्या गावाला पाठ आहे.

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळी आणि थोडा कापूस. मी वीस वर्षांची असताना शेतात ठिबकच्या नळ्या बसवायला एक जण यायचा, सोनगीरकडचा. नळ्या दोन महिन्यांत बसल्या, तरी तो चार महिने येत राहिला. लग्न करू म्हणाला. मग त्याच्या घरच्यांनी त्याचं दुसरीकडे जमवलं आणि त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. तोवर मला पाचवा महिना होता. यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं मला काही सुचत नाही. माणूस वाईट नव्हता, कणा नव्हता इतकंच.

आबांनी मला मारलं नाही, घराबाहेर काढलं नाही. दुसरा असता तर काय केलं असतं हे मी बसमध्ये रोज ऐकते. त्यांनी फक्त माझ्याशी बोलणं सोडलं. आधी मला उठताबसता "बेटा" म्हणायचे. ते त्या दिवशी थांबलं ते थांबलंच.

मुलगी शेतातल्या घरातच झाली. बाळंतपण केलं आमच्या केळीत कामाला येणाऱ्या काकीने. ती वरच्या पाड्यावरची. तिला आमच्या घरातलं सुतकी वातावरण काही कळेचना. तिच्याकडे आधी संसार थाटतात आणि सवड झाली, चार दाणे घरात आले, की लग्न लावतात. तिच्या स्वतःच्या लग्नात तिचा थोरला मुलगा वाजंत्र्यांपुढे नाचला होता. नाळ कापता कापता ती आईला म्हणाली, पोर धडधाकट आहे, रडताय कशाला? आई म्हणाली, तुला नाही समजायचं. मला वाटतं, काकीला चांगलंच समजत होतं.

दुसऱ्या दिवशी आबा कुणाला न विचारता ग्रामसेवकाकडे गेले. जन्माची नोंद करायची म्हणाले. ग्रामसेवक गावात नवा, त्याला काही इतिहास ठाऊक नाही. त्याने बापाचं नाव विचारलं, आबांनी स्वतःचं सांगितलं. आईचं विचारलं, माझ्या आईचं सांगितलं. सही केली आणि घरी येऊन हातपाय धुवून जेवायला बसले. आईने विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरले बाप लागस." पोराला बाप हवाच, असं. आई शेहेचाळीस वर्षांची होती त्या साली. वाढता वाढता तिच्या हातातला पळा तसाच राहिला.

झालं! माझी आई सरकारदरबारी ओली बाळंतीण झाली. लसीकरणाचं कार्ड तिच्या नावाचं. नर्सबाई दर महिन्याला अंगणवाडीत यायच्या आणि तिला लोहाच्या गोळ्या द्यायच्या, पाळणा लांबवण्यावर भाषण ऐकवायच्या. आई खाली मान घालून ऐकायची आणि घरी आली की आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शेजारणींनी तिला मुद्दाम डिंकाचे लाडू आणून दिले. ते सगळे मी खाल्ले.

मुलगी मला आईच म्हणायची. आबांना आबा, आजीला आजी. घरात, गल्लीत, विहिरीवर कुठेच काही अडलं नाही. आबांचा तर ती श्वास. सकाळी बागेत जाताना ती पुढे आणि ते मागे. आणि माझ्याशी जे बोलायचं ते तिच्यामार्फत. मी समोर चुलीशी बसलेली असले तरी तिला म्हणायचे, सांग तुनी मायले, पाणी तापवायचं आहे. तिला नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून ती आमच्या दोघांमधली टपालवाली होती. एकदा पाच वर्षांची असताना कंटाळून म्हणाली, आबा, आई इथेच आहे, तिला कान आहेत. आबा उठून बाहेर गेले.

मग मला कंडक्टरची नोकरी लागली, आणि गेल्या वर्षी धुळ्याला बदली झाली. चोपड्याहून रोज येणंजाणं जमेना. धुळ्यात खोली घेतली, खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका, चांगल्या स्वभावाच्या, माझी ड्युटी लांबली तर पोरीला बघते म्हणाल्या. जवळच शाळा, शाळेला खो-खोचं मैदान. माझी मुलगी खो-खोत अशी पळते की तिला धरायला बिबट्या सोडावा लागेल. ती एका पायावर तयार झाली. अट एकच, शनिवारी संध्याकाळी आबांकडे. मला काय, बस माझीच.

राहिली आबांची सही.

मी बागेत गेले तेव्हा ते केळीची पिलं कापत होते. बुंध्याशी फुटलेली जास्तीची पिलं काढून टाकायची, नाहीतर घड भरत नाही. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं. धुळे, खोली, शाळा, शनिवार. ते कापत राहिले. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, "सांग तुनी मायले, सही-बिही काही नही."

तेरा वर्षं मी गप्प होते, पण त्या दिवशी तोंड सुटलं. मी म्हटलं, माझी मुलगी आहे. आबांनी विळा थांबवला. माझ्याकडे पाहिलं, आणि मला त्यांच्या मनातलं स्वच्छ ऐकू आलं. कागदावर कुणाची? त्या माणसाने माझी अब्रू झाकायला जे केलं होतं, त्यानेच माझी मुलगी त्याच्या खिशात गेली होती. उपकार आणि अन्याय एकाच हाताने करता येतात हे मला तिथे कळलं. रडूही आलं आणि भांडावंसंही वाटलं. भांडणं मला जास्त जमतं, म्हणून मी वकिलाकडे गेले.

चोपड्याच्या कोर्टाजवळ एक वकीलबाई बसतात. माझ्याच बसने कधीकधी येतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्येच हसू आलं तर पदराने झाकलं. मी विचारलं, कायद्याने माझा हक्क किती? त्या म्हणाल्या, आपल्या कायद्यात लग्नाच्या नवराबायकोचं मूल असेल तर पालक पहिला बाप, त्याच्यानंतर आई. पाच वर्षांच्या आतलं असेल तर सहसा आईजवळ राहतं. वरच्या कोर्टाने यात आईच्या बाजूने बरंच सैल केलंय, आणि शेवटी न्यायाधीश मुलाचं हित कशात आहे तेच बघतात. आणि लग्न झालेलं नसेल तर? मी विचारलं. तर पहिली आई. बाप तिच्यानंतर.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हणजे त्याने माझ्याशी लग्न केलं असतं तर माझा नंबर दुसरा लागला असता, आणि तो पळाला म्हणून पहिला? वकीलबाई म्हणाल्या, तसंच काहीसं. मी विचारलं, त्या माणसाचं नाव सांगायला लागेल का? नाही म्हणाल्या, आई एकटी पालक राहू शकते, बापाचं नाव द्यायची तिच्यावर सक्ती नाही. मी खुर्चीत मागे टेकून बसले. इतकी वर्षं माझ्या मनावर ज्याचं दडपण होतं ते कायद्यात मुळी नव्हतंच.

पण एक मेख होती. हा हक्क आईचा. आणि कागदोपत्री मी आई नव्हतेच. आई ठरायचं तर जन्माची नोंद खोटी आहे असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं. दावा लावायचा. कुणाविरुद्ध? वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्या आईवडिलांविरुद्ध."

आबांनी कोर्टात खरं सांगितलं तर काम लवकर होईल. त्यांनी नाही म्हटलं तर रक्ताची तपासणी, तारखा, आणि तारखांवर तारखा. तोवर पोरगी अठराची होईल आणि मग तिला कुणाच्याच सहीची गरज राहणार नाही. म्हणजे माझी लेक माझ्याजवळ वाढणार की नाही, हे एका म्हाताऱ्याच्या एका वाक्यावर होतं. आणि तो म्हातारा माझ्याशी बोलत नव्हता.

दावा दाखल झाला. बेलीफ समन्स घेऊन बागेत गेला. आबांनी त्याला ओसरीवर बसवलं, चहा पाजला, जाताना केळीची फणी बांधून दिली आणि समन्सवर न वाचता सही केली. मला हवी होती ती सही नाही, पण बेलीफाला लगेच. गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पोरीने बापाला कोर्टात ओढलं! मी पोटुशी असताना जे मला टाकून बोलले होते, तेच आता आबांची बाजू घेऊन मला टाकून बोलत होते. लोकांना काय, बाजू कुठली का असेना, बोलायला मिळालं म्हणजे झालं.

आई मात्र माझ्याकडे वळली. म्हणाली, तेरा वर्षं तुझी पोर माझ्या नावावर आहे, आता ने बाई, माझ्या वयाला शोभत नाही. काकीही साक्षीला तयार झाली. ती वकीलबाईंना म्हणाली, नाळ मी कापली, कुणाची होती ते मला कोर्टाने विचारावं. आबांनी मात्र वकील दिला नाही, कुणाशी बोलले नाहीत. तारीख तीन आठवड्यांवर आली आणि त्यांच्या मनात काय आहे याचा ठाव आईलाही लागेना.

आणि एका सकाळी चोपड्याच्या स्टँडवर माझ्या बसमध्ये आबा चढले.

स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. तिसऱ्या सीटवर खिडकीशी बसले. मी पुढून तिकिटं फाडत आले. मधे मुलगी नव्हती, आई नव्हती, सांगायला कुणी नव्हतं. मी मशीन हातात धरून उभी राहिले. म्हटलं, कुठे? आबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्या हातातल्या मशीनकडे, आणि म्हणाले, "धुळं."

तेरा वर्षांनंतरचा पहिला शब्द. मी आधार कार्ड मागितलं, ज्येष्ठांना अर्धं तिकीट असतं. त्यांनी निमूट काढून दिलं. मागचा प्रवासी म्हणाला, बाई, म्हाताऱ्याला काय कार्ड मागताय, वय तोंडावर दिसतंय. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. खरं तर मला ते कार्ड जरा वेळ हातात धरायचं होतं.

सोनगीर आलं. त्या थांब्यावर मी घंटी नेहमी घाईने मारते, दोरीला जेमतेम हात लावून, मान खाली घालून. मागे एकदा तो नळ्या बसवणारा तिथे चढला होता. बायको आणि दोन मुलं बरोबर. मी दोन फुल, दोन हाफ फाडली. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. त्यानंतर तो कधी दिसला नाही, पण सोनगीर आलं की माझा हात हलका होतो. त्या दिवशीही तसंच झालं. ड्रायव्हरला घंटी ऐकूच गेली नाही, त्याने आरशातून खूण केली, तेव्हा परत मारली. आबा माझ्याकडे बघत होते.

धुळ्याला उतरल्यावर ते माझ्या मागून चालत आले. मी खोली उघडून दिली. त्यांनी खाट दाबून पाहिली, खिडकीची कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला. खालच्या बाईंशी चार शब्द बोलले, त्या किती वाजता झोपतात ते विचारलं. शाळेच्या मैदानाच्या कुंपणाशी बराच वेळ उभे राहिले. माझ्याशी काही बोलले नाहीत. पिशवीत केळी होती, ती टेबलावर ठेवली आणि परतीच्या बसला बसले. मला वाटलं, आता कोर्टात सांगतील की खोली लहान आहे.

तारखेच्या दिवशी मी रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. माझी साक्ष झाली. काकीची झाली, तिने न्यायाधीशांना नाळ कशी कापतात तेच समजावायला घेतलं, त्यांनी हात जोडून थांबवलं. मग आबांना पुकारलं. ते पिंजऱ्यात चढले, टोपी काढून हातात धरली. न्यायाधीश तरुण होत्या. त्यांनी विचारलं, आजोबा, जन्माच्या नोंदीत या मुलीचे वडील म्हणून तुमचं नाव आहे, हे खरं आहे का?

भिंतीवरचा पंखा खडखडत होता. वकीलबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. मागच्या बाकावर माझी मुलगी होती, आईजवळ. आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग बोट उचलून माझ्याकडे केलं.

"ती मनी नात शे," आबा म्हणाले. "मनी पोर हाई शे."

न्यायाधीशांना आमची बोली नीट कळली नाही. त्यांनी परत विचारलं. आबांनी परत तेच सांगितलं, या वेळी मोठ्याने, बोट तसंच माझ्याकडे. खोटी नोंद केल्याबद्दल न्यायाधीशबाईंनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, आबांनी शाळेतल्या पोरासारखं ऐकून घेतलं. टंकलेखकाने शुद्ध मराठीत उतरवलं: सदर मुलगी ही माझी नात असून वादी ही माझी मुलगी आहे. मी वादी. मला काही दिसेना, पदर तोंडात कोंबून बसले. पुढे निकालाची प्रत शाळेला दिली, ग्रामपंचायतीला दिली. जबाबाची एक जादा प्रत मी अर्ज करून मागितली. वकीलबाई म्हणाल्या, याची गरज नाही हो. मी म्हटलं, मला आहे.

नवा जन्मदाखला आला. आईच्या रकान्यात माझं नाव, बापाचा रकाना कोरा. हेडमास्तरांनी रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती केली, सही घेतली आणि या वेळी घुगऱ्या नाही, पेढे मागितले.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही निघालो, मधली आठवी तिने गावातच काढली. चोपड्याच्या स्टँडवर मुलगी ड्रायव्हरमागची सीट धरून बसली, पायाशी गादी, मांडीवर आजीने दिलेला डबा. आबांनी पिशव्या चढवून दिल्या. खिडकीतून तिच्या डोक्यावरून हात फिरवला, शनिवार, शनिवार असं दोनदा म्हणाले. मी दाराशी उभी होते, हात दोरीला. ते दारापाशी आले. मला वाटलं, मुलीकडे वळून सांग तुनी मायले म्हणतील. पण त्यांनी माझ्याकडेच पाहिलं.

"सोनगीरले घंटी जोरमा मार, बेटा."

मी मारली. सोनगीरला सगळी बस दचकली, ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, काय झालं बाई? मी म्हटलं, काही नाही, चला.